पसारा आवरतात, अडगळ काढतात

गेल्या वर्षी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटचं वारं सुटलं आणि सेक्रेटरींनी प्रत्येक घराकडून शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स मागितली. आई शांतपणे म्हणाली, "आहे की. जपून ठेवलंय." भावानं कपाळाला हात लावला. आमच्या घरात साधी ठेवलेली वस्तू सापडते, जपून ठेवलेली सापडत नाही.

मी ठाण्याहून आले. आधी दिवाण उघडला. फळी उचलली तर आत आहेरातला कुकर खोक्यासकट, झाकण फुटलेला ज्यूसर, बाबांचे तीन मफलर, १९९४पासूनची विजेची बिलं सुतळीनं बांधलेली, माझं पाचवीचं प्रगतिपुस्तक आणि श्रीखंडाचे चौदा रिकामे डबे, एकात एक घातलेले. मग माळा झाला. मग गोदरेजचं कपाट, त्याच्या आतलं लॉकर, लॉकरच्या आतला चोरकप्पा. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनीला ते देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये मिळालं, साडीच्या दुकानाच्या पिशवीत, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात. पन्नास रुपयांचे पाच शेअर, म्हणजे अडीचशे रुपयांचा कागद. सगळा फ्लॅट त्याच्यावर उभा.

त्या तीन दिवसांत आई धड झोपली नव्हती. पण मला खरं आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमचं घर पसाऱ्याचं नाही. कुणीही कधीही यावं, हॉल लख्ख असतो. चादरीला सुरकुती नसते. मग एवढं सगळं होतं कुठं?

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि ते एकाच अर्थानं वापरून आपण स्वतःची फसगत करून घेतो. पसारा म्हणजे पसरलेलं. सोफ्यावरचे कपडे, टेबलावरचे कप, दारातल्या चपला. तो डोळ्यांना दिसतो, पाहुणे येणार म्हटलं की वीस मिनिटांत हलतो, आणि त्यातल्या बहुतेक वस्तू वापरातल्या असतात, फक्त जागेवर नसतात. अडगळीचं उलटं. ती बहुधा जागेवरच असते, नीट घडी घालून, पिशवीत बांधून ठेवलेली. फक्त वापरात नसते. म्हणून आपण पसारा 'आवरतो' आणि अडगळ 'काढतो'. ही क्रियापदं उगीच पडलेली नाहीत. अडगळ कितीही आवरा, ती अडगळच राहते, फक्त चांगल्या डब्यात जाते.

दिवाळीची साफसफाई इथंच फसते. माळ्यावरचं सगळं खाली येतं, पुसलं जातं, खालचे वर्तमानपत्राचे कागद बदलले जातात आणि सगळं पुन्हा वर जातं. तो ज्यूसर आम्ही निदान वीस दिवाळ्या पुसला. त्यातून शेवटचा रस कधी निघाला, हे कुणालाच आठवत नव्हतं. याला सफाई म्हणत नाहीत, अडगळीची देखभाल म्हणतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवत, केर काढत अलक्ष्मीला घराबाहेर घालवायची रीत आपल्याकडे आहे; त्यात वस्तू उंबऱ्याबाहेर जाणं अपेक्षित आहे, माळ्यावर नाही.

आता प्रश्न असा की जे दिसतच नाही त्याचा त्रास कसा होईल? दार बंद, विषय बंद, नाही का?

नाही. कारण दार बंद झालं तरी नोंद डोक्यात राहते.

ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये काम करताना १९२७ साली एक प्रयोग छापला. लोकांना छोटी छोटी कामं दिली, काही पुरी करू दिली, काही मध्येच थांबवली. नंतर विचारलं तर अर्धवट राहिलेली कामं लोकांना जास्त आठवत होती. पुढे बऱ्याच जणांनी हा प्रयोग करून पाहिला आणि स्मरणाचा तो भाग काही ठिकाणी डळमळला. पण त्यांच्याच गटातल्या मारिया ओव्हसियांकिना यांनी १९२८मध्ये दाखवलेली जोडगोष्ट चांगली टिकली: अर्धवट सोडलेल्या कामाकडं माणूस कुणी न सांगता परत वळतो. मन तिथं घुटमळत राहतं.

घरात हे कसं दिसतं बघा. दिवाणातला ज्यूसर म्हणजे 'झाकण आणायचंय' हे अर्धवट काम. पाच वर्षांपूर्वीचं ब्लाउजचं कापड म्हणजे 'शिंप्याकडं टाकायचंय'. चुलतबहिणीचा डबा म्हणजे 'परत द्यायचाय, रिकामा कसा द्यायचा, काहीतरी घालून देऊ'. यातली एकही गोष्ट मोठी नाही. पण दिवाणाची फळी उचलली की सगळी एकदम तोंड वर करून बघतात, म्हणून आपण फळी उचलतच नाही. हे टाळणं म्हणजेच त्याचा भार. एखादी खोली, एखादं कपाट, एखादा कप्पा 'नको, तिथं हात घालायला नको' असा झाला की समजावं, आत वस्तू नाहीत, कामं ठेवली आहेत.

यात दिलासा देणारं एक संशोधनही आहे. २०११मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी दाखवलं की अर्धवट काम मनातून खाली उतरायला ते पुरं व्हावंच लागतं असं नाही. ते कधी, कुठं, कसं करायचं एवढं नेमकं ठरवलं तरी मन बऱ्यापैकी मोकळं होतं. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट म्हणजे ही नोंद कुणाच्या डोक्यात राहते. आमच्याकडं "आई, स्क्रू ड्रायव्हर कुठंय?" असं विचारलं की आतून पोळी लाटता लाटता उत्तर येतं, "हॉलच्या कपाटात, खालच्या खणात, उजवीकडच्या निळ्या डब्यात, सुयांच्या खाली." घरभर कोंबलेल्या शेकडो वस्तूंचा नकाशा एका बाईच्या डोक्यात असतो. बाकीचे सगळे त्या नकाशाचे फुकट वापरकर्ते. आपण याचं कौतुक करतो, 'आईला सगळं माहीत असतं' म्हणून. पण नकाशा बाळगणं हेही काम आहे, आणि ते झोपेतसुद्धा सुटत नाही. शेअर सर्टिफिकेट सापडेना तेव्हा आईचा जीव कागदापेक्षा यात अडकला होता की आपला नकाशा चुकला.

लॉस एंजेलिसमधल्या तीस जोडप्यांचा, म्हणजे साठ नवरा-बायकोंचा एक अभ्यास डार्बी सॅक्सबी आणि रीना रेपेटी यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येकाला आपलं घर कॅमेऱ्यासमोर फिरून दाखवायला सांगितलं आणि बोलताना ते कोणते शब्द वापरतात ते मोजलं. शिवाय तीन दिवस दिवसातून अनेकदा लाळेतलं कॉर्टिसॉल तपासलं. हे ताणाशी संबंधित संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. उतार छान असेल तर शरीर दिवसाच्या शेवटी सैल पडतंय असं समजतात. ज्या बायका आपल्या घराबद्दल 'पसारा', 'अजून व्हायचंय', 'राहिलंय' अशा अर्थाचे शब्द जास्त वापरत होत्या त्यांचा हा उतार सपाट होता आणि दिवस चढत गेला तसा मूडही खाली गेला. नवऱ्यांमध्ये हा संबंध तसा दिसला नाही. यावरून पसाऱ्यामुळंच ताण येतो असं सिद्ध होत नाही; दमलेल्या माणसाला घर जास्त विस्कटलेलं दिसतं, असंही असू शकतं. पण 'अजून व्हायचंय' हा शब्द मला तिथं फार ओळखीचा वाटला. तो डोंबिवलीतही रोज ऐकू येतो.

मग काढत का नाही आपण?

आळस हे उत्तर खोटं आहे. जी बाई वीस वर्षं ज्यूसर पुसते ती आळशी कशी? इथं मनाचे दोन-तीन खोडे आहेत. पहिला: वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या नजरेत वाढते. कानमन, नेच आणि थेलर या तिघांनी १९९०मध्ये छापलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या अर्ध्या गटाला साधे कॉफीचे मग दिले. ते हातात येऊन काही मिनिटं झाली होती फक्त, तरी विकायला मालकांनी जी किंमत मागितली ती, ज्यांना मग मिळाले नव्हते ते द्यायला तयार होते त्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. काही मिनिटांचा मग असं करत असेल तर लग्नातला कुकर काय करेल!

दुसरा खोडा बुडीत खर्चाचा. 'एवढे पैसे घालून घेतलंय' या वाक्यापाशी थांबलेली किती ट्रेडमिल कपडे वाळत घालायला वापरली जातात ते कुठल्याही फ्लॅटच्या बाल्कनीत बघा. पैसे गेले ते घेतले त्या दिवशी गेले. आज वस्तू ठेवल्यानं ते परत येत नाहीत, उलट जागा जाते. जागेचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. तुमच्याकडं फ्लॅटचा भाव चौरस फुटाला १०,००० रुपये असेल आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात मोडक्या सामानानं १५ चौरस फूट अडवले असतील, तर दीड लाखाच्या जागेत तुम्ही दीड हजाराचं भंगार ठेवलंय.

तिसरा सगळ्यात चिवट: 'असू दे, लागेल कधीतरी.' यावर तरुण मंडळी हसतात. मी पूर्वी हसायचे, आता नाही. हे वाक्य बोलणाऱ्या पिढीनं १९७२चा दुष्काळ पाहिलाय, रॉकेलच्या रांगेत उभी राहिलीय, स्कूटरचा नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबलीय. त्यांच्यासाठी सुतळीचा तुकडा, रिकामी बाटली, निघालेलं बटण खरंच कधीतरी लागायचं आणि तेव्हा दुकानात मिळेलच असं नव्हतं. टंचाईत साठवण हा शहाणपणा होता.

शिवाय त्या काळी वस्तूला पुढची वाट होती. सुती लुगडं विरलं की दोन-तीन लुगड्यांची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की पायपुसणं, ते फाटलं की पोतेरं. जरीच्या साड्या आणि पँटी बोहारीण घेऊन जायची आणि घासाघीस करून स्टीलचं पातेलं द्यायची. (खऱ्या जरीत चांदी असते, हे तिला पक्कं माहीत असायचं, आपल्याला नसायचं. आणि ते पातेलं पुढं माळ्यावरच जायचं, हा भाग वेगळा.) रद्दीवाला, भंगारवाला, कल्हईवाला अशी दारावर येणारी साखळीच होती. आता जॉर्जेटच्या साडीची गोधडी होत नाही, गेटवरचा वॉचमन बोहारणीला आत सोडत नाही. बाहेर जायच्या वाटा बुजल्या आणि आत येणारं मात्र वाढलं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या वाणात आलेल्या प्लॅस्टिकच्या वाट्या मोजा. वाढदिवसांच्या रिटर्न गिफ्ट मोजा. ब्लाउजपीस तर मला वाटतं कुणीच शिवत नाही. ते एका ओटीतून दुसऱ्या ओटीत असे फिरतच असतात. आमच्याकडून दिलेला एक मोरपंखी चार वर्षांनी आमच्याकडंच आला. आईनं काठावरच्या पेनच्या खुणेवरून ओळखला.

तर काढायचं कसं? घर एका रविवारी पालथं घालू नका. दुपारी चारपर्यंत सगळं पलंगावर येतं, पाचला सगळे भांडतात आणि सहाला सगळं परत आत जातं. आम्ही केलेलं आहे. एका वेळी एक कप्पा घ्या, तोही सोपा. आठवणी नसलेला. औषधांचा डबा हा पहिला मुहूर्त.

औषधांच्या डब्यात भावना नसतात, फक्त तारखा असतात. पट्टीवर एक्सपायरीचा महिना लिहिलेला असतो, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते औषध चालतं, पुढं नाही. डोळ्यांत घालायचे थेंब उघडल्यावर साधारण महिन्याभरानं टाकायचे, तारीख कितीही लांबची असो. पाणी घालून बनवलेलं लहान मुलांचं अँटिबायोटिक सिरप एक-दोन आठवड्यांपुरतंच. उरलेल्या अँटिबायोटिकच्या अर्ध्या पट्ट्या 'पुढच्या वेळी' म्हणून ठेवू नका. पुढच्या वेळचा ताप वेगळा असतो. टाकताना सिंकमध्ये किंवा संडासात ओतू नका, ते पाण्यात जातं. २०१६च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, ट्यूबलाइट आणि बॅटऱ्या 'घरगुती घातक कचऱ्यात' धरल्या होत्या, म्हणजे ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळ्या पिशवीत द्यायच्या. गोळ्या चहाच्या चोथ्यात कालवून पिशवी बांधली तर कुणी उचलून परत वापरायचीही भीती नाही. हे सगळं अर्ध्या तासात होतं आणि एक कप्पा खरोखर रिकामा दिसतो. त्या रिकाम्या कप्प्याचा पुढच्या कप्प्याला फार उपयोग होतो.

दुसरा वायरींचा डबा. यात एक गोष्ट तातडीची आहे: जुन्या मोबाइलची किंवा पॉवर बँकेची फुगलेली बॅटरी. लिथियमच्या बॅटरीत वायू धरला की ती फुगते. ती दाबायची, टोचायची, चार्जिंगला लावायची नाही. आगीचा धोका असतो. साड्यांच्या कपाटात तर अजिबात ठेवायची नाही. बाकीचं सोपं. जी वायर कशाची आहे हे घरात कुणालाच सांगता येत नाही ती जाऊ द्या. जुने फोन देण्याआधी त्यातले फोटो काढून घ्या, फॅक्टरी रीसेट करा, आणि ते ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नियमांनी त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

कागद मात्र सावकाश. इथं घाई करणाऱ्याचं नुकसान होतं आणि न करणाऱ्याचंही.

कागदांचे मी तीन गठ्ठे करते. एक कायमचा: घराचं खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, सातबारा आणि वारसनोंदी, जन्म-मृत्यू-लग्नाचे दाखले, इच्छापत्र, शिक्षणाची मूळ प्रमाणपत्रं. घरात केलेल्या मोठ्या कामाची बिलंही इथंच, कारण पुढं फ्लॅट विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात ती लागू शकतात. हा गठ्ठा बहुतेकांचा एका फाइलीत मावतो, एवढासाच असतो. दुसरा मुदतीचा: आयकराची कागदपत्रं, चालू विमा, कर्ज, वॉरंटी. पगारदार माणसानं कराचे कागद सात-आठ वर्षांचे ठेवले की मी निश्चिंत असते. धंदा असेल तर सीएला विचारा. तिसरा गठ्ठा जाण्याचा, आणि तोच सगळ्यात जाड असतो. विजेची थकबाकी पुढच्या बिलावर येतेच, त्यामुळं १९९४चं बिल कुठलाही वाद मिटवायला येणार नाही. आईचा त्यावरचा मुद्दा असा होता की, "बाबांनी लावून ठेवलीत." तो मुद्दा विजेचा नव्हता. आम्ही पहिलं आणि शेवटचं, अशी दोन ठेवली. दोन्हीवर बाबांच्या अक्षरात 'भरले' असं लिहिलंय.

हा तिसरा गठ्ठा उचलून रद्दीत देऊ नका. आधारची झेरॉक्स, बँकेची स्टेटमेंट, सही असलेले रद्द चेक फाडून, भिजवून टाका. नाहीतर तुमच्या खात्याचा तपशील कुणाच्या तरी भेळेखाली जायचा.

आणि चाळल्याशिवायही देऊ नका, कारण जुन्या कागदांत कधीकधी खरेच पैसे असतात. जुनं पासबुक मिळालं तर खातं बंद पडलं असेल म्हणून सोडून देऊ नका. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यातली रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडं वळवतात, पण खातेदाराचा आणि वारसांचा हक्क संपत नाही. अशी खाती शोधायला रिझर्व्ह बँकेनं २०२३मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलंय. वेगवेगळ्या बँकांत एकाच जागी शोधता येतं. कंपन्यांच्या कागदी शेअर सर्टिफिकेटांचंही तसंच. एप्रिल २०१९पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात जमा, करावे लागतात. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही तर लाभांश आणि शेअर दोन्ही सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडं जातात. तिथूनही परत मागता येतात. वेळ लागतो, कागद लागतात, म्हणूनच तो पिवळा पडलेला कागद आत्ता वर काढायचा.

साड्यांच्या घड्या, पिठाच्या डब्याच्या तळाचा कागद आणि देवाच्या पोथ्या हेही झटकून बघा. आजीच्या नऊवारीत आम्हाला पाचशेच्या चार जुन्या नोटा मिळाल्या, २०१६मध्ये बंद झालेल्या. त्यांचं आता काही होत नाही. २०१७च्या कायद्यानं अशा दहापर्यंत नोटा जवळ ठेवायला हरकत नाही, त्याहून जास्त बाळगल्या तर किमान दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. दोन हजारांच्या नोटेची गोष्ट वेगळी. ती मे २०२३मध्ये चलनातून मागं घेतली पण अवैध ठरवली नाही, रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर, नागपूर अशा ठरावीक कार्यालयांत जमा करायची सोय ठेवली.

कपड्यांबद्दल थोडक्यात: 'बारीक झाल्यावर घालीन' हा गठ्ठा काढा. फाटके देऊ नका, धुऊन द्या. १९९९मध्ये अंशू गुप्तांनी सुरू केलेली 'गूंज' ही संस्था अशा कपड्यांचं मोल करते. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुन्या सामानासाठी काम करते. आणि तुमच्या कामवाल्या मावशींना विचारल्याशिवाय गठ्ठा त्यांच्या हातात कोंबू नका. त्यांच्याही घरी माळा असतो.

आता तो २०११चा अभ्यास. काही वस्तूंचं काय करायचं ते उभ्या उभ्या ठरत नाही. अशांचा एक खोका करा आणि वर जाड पेनानं तीन गोष्टी लिहा: आत काय, कोण बघणार, कधी बघणार. 'ज्यूसर – झाकण – दादा – पाडव्यापर्यंत.' पाडवा गेला आणि झाकण आलं नाही तर ज्यूसर जाईल, हे आधीच ठरलेलं. मोकळं वाटतं ते या चिठ्ठीनं. आमचा ज्यूसर पाडव्यानंतर गेला. भंगारवाल्यानं मोटारीतल्या तांब्यासाठी घेतला आणि आई म्हणाली, "बघ, किंमत होती ना!"

सगळ्यात अवघड दुसऱ्याची अडगळ. स्वतःची नजरेला येत नाही, सासूबाईंची लगेच येते. नियम एकच पाळावा: दुसऱ्याच्या वस्तूला त्याच्या माघारी हात लावायचा नाही. म्हाताऱ्या माणसांच्या वस्तू ते देवदर्शनाला गेले असताना गुपचूप काढून टाकणाऱ्या मुलांना वाटतं, कळणार नाही. कळतं. आणि मग उरलेल्या वस्तू जास्त घट्ट धरल्या जातात. "हे टाकू का?" असं विचारलं की उत्तर 'नको' येणारच. "हे कुणाला देऊ या?" असं विचारलं की आई विचार करायला लागते. आहेरातला कुकर तिनं स्वतः मोलकरणीच्या मुलीच्या लग्नात दिला, वर दोनशे एक रुपये ठेवून.

बाबांच्या ट्रंकेला आम्ही शेवटी हात लावला. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. शर्ट, मफलर, बंद पडलेलं एचएमटीचं घड्याळ, ऑफिसची ओळखपत्रं, डझनभर रिफिली. वहिनी हळूच म्हणाली, "आई, आज नको असेल तर राहू दे." आईनं एक मफलर उचलला, वास घेतला, आणि म्हणाली, "डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय. यांचा नाही येत." मग तिनंच वाटण्या केल्या. घड्याळ भावाला, एक मफलर मला, एक स्वतःला. शर्ट गेले. ट्रंक राहिली, आता तिच्यात गौरी-गणपतीचं सामान असतं.

एक सावधगिरी. काही घरांत प्रश्न अडगळीचा नसतो, आजाराचा असतो. माणूस रद्दी, पिशव्या, तुटकी भांडी साठवत जातो, चालायला वाट राहत नाही, ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, आणि एखादी वस्तू हलवली तरी जीव कासावीस होतो. २०१३पासून याला मानसोपचारात स्वतंत्र आजार म्हणून नाव आहे. कधी वाढत्या वयातल्या स्मृतिभ्रंशातही साठवणं सुरू होतं. तिथं मोठी सफाई करून उपयोग नाही, डॉक्टर लागतो. टोमणे तर अजिबात लागत नाहीत.

आमच्या घरी या सगळ्यातून राहिलेली गोष्ट म्हणजे गोदरेजच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला एक कागद. आईनं सांगितलं आणि वहिनीनं लिहिलं. सर्टिफिकेट कुठं, विम्याचे कागद कुठं, स्क्रू ड्रायव्हर कुठं, वाटीचे जादा सेट कुठं. मागच्या आठवड्यात भाच्यानं सवयीनं हाक मारली, "आजी, सेलोटेप कुठंय?" ती टीव्ही बघत होती. मान न वळवता म्हणाली, "दारावर वाच."

कागदाच्या अगदी खाली तिनं नंतर स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातलीय: 'श्रीखंडाचे डबे – ओट्याखाली – विचारू नये.'